पेरणीआधी 'बीज-अर्पण' भरा म्हणतात. वचनावर ताडून कसं पाहायचं?

अंबाजोगाईकर (प्रश्न)

सर्वांना सलाम. आमच्याकडे दर बुधवारी घरोघरी आळीपाळीनं प्रार्थनासभा होते. सध्या बाहेरगावचे एक सेवक वचन सांगायला येतात आणि तीन गोष्टी ठासून सांगतात. मृगाच्या पेरणीआधी एकरी ठरावीक 'बीज-अर्पण' भरा, इसहाकासारखं शंभरपट येईल. विश्वास खरा असेल तर बीपी-शुगरच्या गोळ्या कशाला? आणि लहानपणी पाणी शिंपडून, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला बाप्तिस्मा चालत नाही, फक्त येशूच्या नावानं बुडवून पुन्हा घ्या.

कुणी शंका काढली की जुनी माणसं म्हणतात, "त्यांनी आपल्या लेकरांसाठी रात्र-रात्र प्रार्थना केली, उपकार विसरू नका." तपासणं म्हणजे कृतघ्नपणा का? आणि तपासायचंच तर सभा न फोडता कसं? पाळकसाहेबांकडे बरीच गावं आहेत, महिन्यातून एकदाच येणं होतं.

जालना_वचनवर्ग

अडचण 'उपकार' या शब्दातच आहे. मराठीत उपकार मानतात आणि फेडतातही. उपकारस्तुती म्हणजे मानणं. फेडायला लागलो की देणं-घेणं सुरू झालं, आणि देणेकऱ्याला तोंड उघडता येत नाही. त्यांनी प्रार्थना केली, त्याबद्दल आभार माना, जेवू घाला, एसटीचं भाडं द्या. त्यानं शिकवणीची तपासणी माफ होत नाही. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून ताडून पाहिलं (प्रेषितांची कृत्ये, म्हणजे प्रे. कृत्ये १७:११) आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्याबद्दल त्यांची वाखाणणीच करतो.

कसं करायचं ते सांगतो. सभेत वही ठेवा. बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा आणि शेजारी त्यांनी दिलेला अध्याय नि वचन. "ते पैसे मागतात" असा सारांश लिहू नका, पुढं वाद तिथंच अडकतो. घरी तो अख्खा अध्याय वाचा, मागचा आणि पुढचाही. मग विचारा: कोण कोणाला बोलतंय? ही आज्ञा आहे, अभिवचन आहे की नुसती घडलेली हकिगत? आणि हे खरं धरलं तर ख्रिस्तानं केलेलं काम अपुरं ठरतं का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक खोटी शिकवण उघडी पडते, कारण तिला काहीतरी विकायचं असतं आणि त्यासाठी तुमच्याकडे जे आहे ते कमी आहे असं आधी पटवावं लागतं.

आता तुमचंच उदाहरण घ्या. उत्पत्ती २६ सुरू होतो दुष्काळानं. १२व्या वचनात इसहाकानं जमिनीत पेरलं, कुणाच्या हातात पैसे ठेवले नाहीत. परमेश्वरानं आशीर्वाद दिला आणि शंभरपट आलं, ही हकिगत आहे. "तुम्ही भरा म्हणजे तुम्हालाही येईल" असं त्या अध्यायात कुठंच नाही. मार्क ४ मधल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यातलं शंभरपट घेतलं तर १४व्या वचनात येशूच सांगतो की पेरलं जातं ते वचन. मार्क १०:३० मधलं शंभरपट तर छळासकट आहे. तेवढा शब्द हटकून गाळला जातो.

मलाखी ३:१० पण काढतील, 'सगळा दशांश भांडारात आणा'. तिथलं 'भांडार' म्हणजे मंदिरातली कोठी. धान्य, द्राक्षारस, तेल तिथं जमा व्हायचं आणि त्यावर मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यांचं पोट चालायचं. नहेम्या १३:१०-१२ सोबत वाचा: वाटा मिळेना म्हणून लेवी आपापल्या शेतावर निघून गेले होते. दशांश देऊ नका असं मी म्हणत नाही, मंडळीला जरूर द्या. पण ही सगळ्यांची कोठी होती आणि तिच्यावर कारभारी नेमले होते. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये यरुशलेमच्या गरिबांची वर्गणी नेताना पौल सोबत माणसं घेतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून. तुमच्याकडे रक्कम कोण मोजतं, आणि क्यूआर कोड कुणाच्या नावावर आहे? संस्थेच्या नावावर असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा ऑडिट केलेला हिशेब मागा. सार्वजनिक न्यासाला १९५० च्या कायद्यानं हिशेब ठेवावाच लागतो, त्यामुळं विचारण्यात अपमान काही नाही.

घरचं सोयाबीन पेरायचं तर आपण १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजतो आणि ७० च्या खाली गेली की विचारात पडतो. शिकवणीला मात्र थेट तिफण!

बीड_परिचारिका

बाकीचा वाद सावकाश करा, गोळ्यांचं आजच बघा. सभेत कुणी औषध थांबवलंय का, हे एकेकाला बाजूला घेऊन विचारा.

बीपीची गोळी सोडली की बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, म्हणून "बरा झालो" अशी साक्ष होते. दाब मात्र आत वाढत असतो आणि थेट लकव्यालाच कळतं. इन्सुलिनवरच्या लेकराचं इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं. फिटच्या गोळ्या एकदम तोडल्या तर झटक्यांमागून झटके येतात. टीबीचा नेहमीचा कोर्स ६ महिन्यांचा. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं आणि नेमकं तेव्हाच पेशंटला साक्षीला उभं करतात. तिथं औषध सुटलं तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्यांनाही लागण होते.

आता वचन. पौलाच्या सोबत्यांचंच बघा. तीमथ्याचं पोट वारंवार बिघडायचं, त्याला पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३), विश्वास कमी पडला म्हणत नाही. त्रफिमाला तो मिलेतात आजारीच सोडून येतो (२ तीमथ्य ४:२०). एपफ्रदीत तर मरता मरता वाचला (फिलिप्पै २:२७). आणि लूक ५:१४ बघा. कुष्ठरोगी बरा झाल्यावर येशू त्याला सांगतो, जाऊन याजकाला दाखव. म्हणजे तपासून घे! त्याच धर्तीवर मंडळीत एक नियम करा: बरं वाटलं तर देवाचे आभार मानायचे, रिपोर्ट करायचा आणि गोळी कमी करायची ती डॉक्टरनं.

देव बरं करतो, यात वादच नाही. मत्तय ८:१७ यशया ५३ चा संबंध आजारपणाशी लावतो. पण १ पेत्र २:२४ त्याच अध्यायाचा संबंध पापांशी लावतो. 'फटक्यांनी आरोग्य' हे त्यातलं वचन गोळ्या फेकायला लावण्यासाठी वापरणं म्हणजे अर्धंच वाचणं. याकोब ५:१४ मध्येही आजारी माणूस मंडळीच्या वडिलांना बोलावतो, ते तेल लावून प्रार्थना करतात. फी नाही, बाटलीची विक्री नाही.

तेलाच्या बाटलीवर 'मधुमेह, कॅन्सर बरा' असं छापून विकणं १९५४ च्या चमत्कारी उपचार जाहिरात कायद्यात बसतं. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पेरणीच्या दिवसांत सापाचं काम जास्त, म्हणून सांगून ठेवते.

मतांगीकार_नांदेड

बाप्तिस्म्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेत. पाणी किती आणि वय काय, हा एक. नाव कुणाचं, हा दुसरा.

पहिल्यावर चांगल्या, विश्वासू मंडळ्यांत खराखुरा मतभेद आहे. त्याला खोटी शिकवण म्हणू नका. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्टही होते. म्हणून तिथं बालबाप्तिस्मा आणि प्रौढपणीचा, दोन्ही मान्य. एकदा झालेला मात्र पुन्हा करत नाहीत.

दुसरा प्रश्न पायाचा आहे. 'फक्त येशूच्या नावानं' म्हणण्यामागं बहुधा एक मत असतं. "पिता, पुत्र, आत्मा ही एकाच व्यक्तीची तीन नावं" हे मत मंडळीनं तिसऱ्या शतकातच नाकारलं. मत्तय ३:१६-१७ वाचा: पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा उतरतो, पिता बोलतो. एकाच वेळी तिघं. मत्तय २८:१९ मध्ये 'नाव' एकवचनी आणि व्यक्ती तीन. मग 'येशू ख्रिस्ताच्या नावानं बाप्तिस्मा घ्या' म्हणणाऱ्या प्रे. कृत्ये २:३८ चं काय? १९:१-५ सोबत वाचलं की उलगडतं. तिथं येशूच्या नावाचा बाप्तिस्मा हा योहानाच्या बाप्तिस्म्यापेक्षा वेगळा म्हणून सांगितलाय.

'डिडाखे' नावाचं एक फार जुनं लिखाण आहे, साधारण पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. ते पवित्र शास्त्र नव्हे, पण त्या काळची मंडळी काय करायची ते त्यात दिसतं. बाप्तिस्मा पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं, वाहत्या पाण्यात. पाणी पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याला अगदी सोयीचं! त्याच लिखाणात फिरत्या संदेष्ट्यांबद्दलही आहे. एखादा आत्म्यात येऊन "मला पैसे द्या" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. दुसऱ्या गरजवंतासाठी मागितले तर त्याला दोष देऊ नका. तीन दिवस मुक्काम ठोकणारा खोटा.

दर बुधवारी प्रेषितांचा मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची थोडक्यात जुनी कबुली) सगळ्यांनी उभं राहून म्हणा. मिनिटभर लागतं. लेकरांना पाठ झाला की उणी-अधिक शिकवण त्यांच्याच कानाला खटकते.

लातूरचे_वडील

वरचं सगळं मान्य, पण जरा दमानं. चुकणारा प्रत्येक माणूस लांडगा नसतो. पहिल्या मंडळीतला उपदेशक अपुल्लो आवेशानं बोलायचा, पण त्याला फक्त योहानाचाच बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला भर सभेत पाडलं नाही, जवळ घेऊन समजावलं (प्रे. कृत्ये १८:२६). तुमच्या सेवकाला कदाचित कुणी नीट शिकवलंच नसेल.

दोघांनी जावं, त्यातला एक त्यांना मानणारा असावा. सभेच्या आधी जाऊ नका, जेवण झाल्यावर बसा. मोबाइलवर गुपचूप रेकॉर्डिंग करू नका, कळलं तर बोलणंच बंद होतं. वहीतलं एकच वाक्य काढा: "तुम्ही असं म्हणालात, आम्हाला नीट कळलं का?" मग अध्याय उघडा आणि त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा. पहिल्या भेटीत गोळ्यांचाच विषय घ्या, तो जिवाचा आहे. त्यावर ते "डॉक्टरला विचारा" एवढं भर सभेत बोलायला तयार झाले तर माणूस ऐकणारा आहे.

"अभिषिक्ताला हात लावू नका" असं उत्तर आलं तर स्तोत्र १०५:१४-१५ वाचा. तिथं राजांना बजावलंय की पूर्वजांना इजा करू नका. शिकवणीची पारख करायला मनाई नाही. उलट १ थेस्सल ५:२०-२१ दोन्ही एका दमात सांगतं: संदेश तुच्छ मानू नका, आणि सगळ्याची पारख करा. आपली जुनी मंडळी पहिला अर्धा विसरते, नवी दुसरा.

दोन भेटींनंतरही तेच चाललं तर पाळकसाहेबांना लेखी कळवा, वहीची झेरॉक्स जोडा. ते येईपर्यंत बुधवारी वचन सांगायला दुसरं कुणी. गावभर व्हॉट्सॲप फिरवू नका.

अंबाजोगाईकर

गोळ्यांचं उद्याच विचारतो. एक राहिलं. बीज-अर्पण बंद केलं तर लोक विचारतील, पेरणीला मग करायचं काय? पावसाचा भरवसा नाही, माणसाला काहीतरी हवं असतं.

जालना_वचनवर्ग

लोकांचं बरोबर आहे. रिकामी जागा ठेवली तर तिथं पुन्हा सौदाच येऊन बसेल.

पेरणीच्या आदल्या बुधवारी प्रत्येकानं पेरायच्या बियाण्यातलं मूठभर आणावं, एका सुपात ठेवावं, प्रार्थना करावी आणि ज्याचं त्यानं परत न्यावं. परत न्यावं हे महत्त्वाचं. त्या दिवशी अर्पणाची थाळी फिरवू नका. प्रार्थनेत आधी मिळालेल्याबद्दल आभार, मग पावसाची मागणी. आणि 'दुष्काळाबद्दल आभार' असलं काही कुणाच्या तोंडी घालू नका. १ थेस्सल ५:१८ सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगतं, प्रत्येक संकटाबद्दल नाही. कर्जात बुडालेल्या घराला ते जबरदस्तीनं म्हणायला लावणं हीसुद्धा चुकीचीच शिकवण.

सोबत चार बुधवार कलस्सैकरांस पत्र वाचा, दर वेळी एक अध्याय. सगळी मिळून ९५ वचनं, एक अध्याय चार-पाच मिनिटांत मोठ्यानं वाचून होतो. १:१२, २:७, ३:१५, ३:१७, ४:२, जिथं उपकारस्तुती येईल तिथं पेन्सिलीनं खूण करा. २:७ ला खूण झाली की लगेच २:८ ला थांबा. पोकळ भुलथापांनी कुणी तुम्हाला पकडून नेऊ नये, असं तिथं आहे. मूळ ग्रीक शब्द लूट म्हणून उचलून नेण्याचा आहे. पुढं २:१६-२३ मध्ये खाण्यापिण्याचे नियम, सणवार, देवदूतांची पूजा, 'शिवू नको, चाखू नको'. ख्रिस्तात भरून पावलेल्यांना कुणीतरी वरचं आणखी काही लावू पाहत होतं. १ तीमथ्य ४:३-५ ला तर खाण्यावर बंदी घालणाऱ्यांना पौलाचं उत्तरच हे आहे की देवानं निर्माण केलेलं उपकारस्तुतीनं घ्यावं.

बीड_परिचारिका

द्यायचं ते कापणीच्या सणाला द्या, सोयाबीन घरात आल्यावर, ज्याला जमेल तेवढं. सणाला आलेल्या धान्याच्या लिलावाचे पैसे दोघांनी मोजावेत, आकडा त्याच दिवशी फळ्यावर लिहावा. त्यातला काही भाग दवाखान्याच्या खर्चासाठी वेगळा काढला तर गोळ्या सोडायची वेळच कमी येईल.

मतांगीकार_नांदेड

आणि पीक गेलं तर सण रद्द करू नका. त्या वर्षी हबक्कूक ३ वाचायचा, १९च वचनं आहेत. १७व्यात अंजीर फुलत नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत. १८व्यात तरीही देवाच्या ठायी आनंद. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी तो कुणाच्या तरी चांगल्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. फडावर नेट नसतं, त्यामुळं निघायच्या आधीच ज्याच्या त्याच्या फोनमध्ये टाकून द्या.