मदत हवी आहे: अग्निवीर, पोलीस शिपाई की चाकणची कंपनी? पगाराची तुलना कशी करायची?

वांगीभरीत
भाच्यासाठी विचारतोय. वय २०, बारावी झाल्यावर आयटीआय (फिटर). सातारा जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून निवड झाली आहे. अग्निवीर जनरल ड्युटीच्या अंतिम यादीतही नाव आहे. शिवाय चाकणच्या एका कंपनीने ३ लाख ६० हजारांचं पत्र दिलंय. घरात प्रत्येकाचं गणित वेगळं. आजोबा म्हणतात, "पोलिसाला २१,७०० आणि कंपनीत ३०,०००, मग विचार कसला करताय?" दाजी म्हणतात, अग्निवीरला चार वर्षांनी ११ लाख एकरकमी मिळतात. तिन्ही आकडे एका पट्टीवर कसे आणायचे? देशसेवा, रुबाब वगैरे बाजूला ठेवून फक्त पैसे आणि सवलती सांगा.

कंपनीच्या पत्रातली महिन्याची फोड: बेसिक १५,०००, घरभाडे ६,०००, विशेष भत्ता ६,०००, कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी ७२२, मेडिक्लेम ४७८.

हिशेबनीस
आजोबा बेसिकची तुलना सीटीसीशी करतायत. बहुतेक घरांत चूक इथेच होते. २१,७०० हा पगाराचा पाया आहे, ३०,००० हा कंपनीचा एकूण खर्च आहे. दोन्ही आधी 'हातात किती' इथपर्यंत आणा.

पोलीस शिपाई, राज्याचा एस-७ स्तर (२१,७००–६९,१००):
बेसिक २१,७००
महागाई भत्ता ५५ टक्के धरून ११,९३५
घरभाडे १० टक्के (साताऱ्यासाठी) २,१७०
एकूण ३५,८०५

वजावट: एनपीएस (निवृत्तीसाठीची वर्गणी) बेसिक + महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे ३,३६४. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साधारण ३२,२४०. वाहतूक भत्ता यात धरलेला नाही आणि गटविम्याची छोटी वजावटही नाही. महागाई भत्ता वाढला की त्या प्रमाणात आकडा वर सरकवा.

कंपनी: ३०,००० मधून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम हे ३,००० वजा करा. हे पगारपत्रकात 'मिळणारे' या रकान्यात कधीच येत नाहीत. राहिले २७,०००. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २५,०००.

म्हणजे ज्याला आजोबा कमी म्हणतात तो पगार दरमहा सव्वासात हजारांनी जास्त आहे. आयकर तिघांपैकी कुणालाच लागणार नाही, त्यामुळे तो सोडून द्या.

कऱ्हाकाठ
वरच्या हिशेबात न दिसणारा भाग मागे साठणाऱ्या पैशांचा. शिपायाच्या एनपीएस खात्यात त्याचे ३,३६४ आणि सरकारचे १४ टक्के म्हणजे ४,७०९, मिळून दरमहा ८,०७३ जमा होतील. कंपनीत त्याचे १,८०० पीएफला जातील, पण कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० ईपीएसच्या पेन्शनकडे वळतात आणि पीएफला फक्त ५५० उरतात. म्हणजे पीएफमध्ये २,३५०.

ती ईपीएस पेन्शन किती? पगार कमाल १५,००० धरतात, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचं, असं सूत्र आहे. ३५ वर्षं नोकरी केली तरी महिना ७,५००. दहा वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शनच नाही. कंपन्या बदलताना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून खातं ट्रान्सफर करा. पैसे काढून घेतले की सेवेची वर्षं पुन्हा शून्यापासून सुरू होतात, आणि पोरं नेमकं तेच करतात.

पोलिसात रुजू होतानाच प्रान (एनपीएस खात्याचा) क्रमांकाचा अर्ज आणि नॉमिनी भरून घ्या. प्रान उशिरा निघाला की सुरुवातीच्या महिन्यांची वर्गणी लटकते. राज्याने २०२४ मध्ये सुधारित निवृत्तिवेतनाचा विकल्प आणला आहे. विकल्प कधी आणि कुणाकडे लेखी द्यायचा हे आस्थापना शाखेत पहिल्याच आठवड्यात विचारा.

सुभेदारवाडा
अग्निवीरचे आकडे, २०२२ च्या योजनेनुसार. सैन्यातली ही नोकरी चार वर्षांचीच, त्यानंतर २५ टक्के जणांनाच कायम करतात. मासिक पॅकेज पहिल्या वर्षी ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि ४०,०००. यातले ३० टक्के सेवा निधीला (चार वर्षांनी मिळणारी एकरकमी रक्कम) कापले जातात. हातात अनुक्रमे २१,०००, २३,१००, २५,५५० आणि २८,०००. चार वर्षांत हातात ११,७१,८००.

त्याचे कापलेले ५,०२,२०० आणि सरकारचे तेवढेच मिळून १० लाख ४ हजारांच्या आसपास. व्याजासह सरकार जो आकडा सांगतं तो ११.७१ लाख. दोन्ही आकडे इतके जुळतात हा योगायोग आहे. काही जण एकच रक्कम दोनदा मोजली असं समजतात, तसं नाही. सेवा निधी करमुक्त आहे.

दाजींना माहीत नसलेल्या गोष्टी:
- त्या २५ टक्के जणांत निवड होऊन तो कायम झाला, तर सरकारचा वाटा मिळत नाही. फक्त स्वतःचे पैसे व्याजासह.
- स्वतःहून मधेच सोडलं तरी तेच.
- महागाई भत्ता आणि मिलिटरी सर्व्हिस पे नाही. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. कँटीन आणि लष्करी रुग्णालय त्या चार वर्षांपुरतंच.

जमेची बाजू अशी की राहणं, जेवण, कपडे यांचा खर्च जवळजवळ नाही, म्हणून २१,००० तले बरेचसे शिल्लक राहू शकतात. ४८ लाखांचा विमा विनाहप्ता, आणि सेवेच्या कारणाने मृत्यू आला तर वर ४४ लाख सानुग्रह. खडतर ठिकाणी पोस्टिंग असेल तर तो भत्ता वेगळा.

बरेच जण कायम शिपायाचा पगार बघून अग्निवीरला जातात. तो हिशेब निराळा आहे: २१,७०० बेसिक, त्यावर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे, दोन्हींवर महागाई भत्ता, आणि सैन्याला एनपीएस लागू नाही, जुनीच पेन्शन. पण तिथे पोचायला आधी त्या २५ टक्क्यांत यावं लागतं.

हिशेबनीस
आता चार वर्षांची बेरीज. शिपायाचं बेसिक २१,७००, २२,४००, २३,१००, २३,८०० असं चढेल. भत्त्याचा दर स्थिर धरला तर चार वर्षांत हातात सुमारे १६ लाख २२ हजार, एनपीएसमध्ये सुमारे ४ लाख ६ हजार. एकूण २० लाख २८ हजार. अग्निवीरचे हातातले अधिक सेवा निधी २३ लाख ४२ हजार, शिवाय जेवणखाण फुकट. म्हणजे चार वर्षांपुरतं पाहिलं तर दाजी बरोबर आहेत! पण सेवा निधीत व्याज धरलंय, एनपीएसमध्ये परतावा शून्य धरलाय, हेही लक्षात घ्या.

पाचव्या वर्षी मात्र शिपायाचं बेसिक २४,५०० होतं आणि नोकरी ५८ पर्यंत आहे. चारपैकी तीन अग्निवीर त्या वर्षी नवी नोकरी शोधत असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पोलिसाची हातातली निवड सोडू नये.

नाक्यावरचा
थोडा उलट मुद्दा. पोलीस भरतीची वयोमर्यादा खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३. अग्निवीर होऊन २४ व्या वर्षी परत आला तरी तो भरतीला बसू शकतो. उलट पोलिसात गेल्यावर वयामुळे अग्निवीरचा दरवाजा बंद. पण आजची निवड तेव्हा वापरता येणार नाही. मैदानी, लेखी, सगळं पुन्हा.

चाकणफाटा
कंपनीची बाजू अगदीच टाकाऊ नाही. पत्रात चार गोष्टी बघा. एक, तो कंपनीच्या पे-रोलवर आहे की ठेकेदाराच्या? दोन, पदाच्या नावात 'ट्रेनी' किंवा 'अप्रेंटिस' आहे का? अप्रेंटिसला विद्यावेतन मिळतं, पीएफ लागत नाही. तुमच्या फोडीत पीएफ आहे, हे चांगलं लक्षण. तीन, ठरावीक मुदतीचा करार आहे का? नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांनुसार अशा कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. चार, बाँड. मधेच सोडल्यास किती भरायचे?

बस, कँटीन आणि दुप्पट दराचा ओव्हरटाइम मिळत असेल तर महिन्याला फरक पडतो, पण ओव्हरटाइम ऑर्डरवर असतो, त्यावर ईएमआय काढू नका. पीएफसोबतच्या ईडीएलआय विम्यात कमाल ७ लाख मिळतात, म्हणून या वयात स्वतंत्र टर्म प्लॅन घ्यायला लावा. मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत का तेही विचारा. पोलिसात कुटुंब आरोग्य योजना आहे, हा मोठा फरक.

वांगीभरीत
सगळ्यांचे आभार, आजोबांना कागदावर मांडून दाखवतो. दोन शंका. आठवा वेतन आयोग धरायचा का? आणि पोलीस लाईनीत खोली मिळाली तर?

कऱ्हाकाठ
आयोग धरू नका. केंद्राचा आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला, अहवालाला १८ महिने. राज्याचा निर्णय त्यानंतर. सातवा आयोग २०१६ पासून लागू, पण राज्यात हातात आला २०१९ च्या जानेवारीत, आणि थकबाकी पाच हप्त्यांत.

लाईनीत खोली घेतली की घरभाडे भत्ता बंद. साताऱ्यात तो २,१७० आहे. तेवढ्यात बाहेर खोली मिळते का ते बघा आणि मग अर्ज करा.