आठवीत जाणाऱ्या मुलीसाठी जर्मन की जपानी? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

माझी मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते आणि येत्या जूनमध्ये आठवीत जाईल. शाळेने तिसऱ्या भाषेसाठी हिंदी, संस्कृत, फ्रेंच आणि जर्मन असे चार पर्याय दिले आहेत आणि निवड याच महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवायची आहे. मराठी २०२० च्या कायद्याने सक्तीची आहेच, त्यामुळे तिच्याबद्दल काही ठरवायचे नाही. मात्र आमच्या शाळेत आठवीत घेतलेली तिसरी भाषा दहावीपर्यंत बदलता येत नाही, म्हणून घाईने निर्णय घ्यावासा वाटत नाही.

फ्रेंचचा विचार आम्ही फारसा केलेला नाही, कारण घरात कोणालाच तिची ओढ नाही. खरी निवड दोन मार्गांत आहे. पहिला मार्ग म्हणजे शाळेत जर्मन घेणे. दुसरा म्हणजे शाळेत संस्कृत घेऊन बाहेरच्या वर्गात जपानी शिकणे. मुलीचा स्वतःचा कल जपानीकडे आहे. त्याची सुरुवात कार्टूनांपासून झाली हे खरे असले तरी हिरागाना या जपानी लिपीची ४६ अक्षरे तिने कोणी न सांगता गिरवून पाठ केली आहेत, म्हणून ती हौस मी हलकी मानत नाही.

जर्मनच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. माझा भाचा सध्या जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना ते भरावे लागते), हा मुद्दा तो नेहमी मांडतो. त्याचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, पण बारावीनंतर थेट पदवीसाठी जायचे तर बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमधूनच चालतात आणि त्यासाठी साधारण बी-२ ते सी-१ इतकी तयारी (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांपैकी चौथी-पाचवी) लागते, असेही तोच सांगतो. दहावीपर्यंतच्या शालेय जर्मनने मूल या पातळीच्या जवळपासही पोहोचत नाही, असे माझे मत झाले आहे. शेजारच्या मुलाला दहावीला जर्मनमध्ये उत्तम गुण मिळाले. आज त्याला स्वतःची ओळख करून देण्यापलीकडे बोलता येत नाही. यात मी त्याला दोष देत नाही. परीक्षेसाठी घेतलेल्या भाषेचे परीक्षेनंतर बहुधा असेच होते, आणि मला नेमकी भीती त्याचीच आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही भाषा मराठी मुलांना थोड्या ओळखीच्या वाटाव्यात. जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगे आहेत, जरी तिथे सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी असला तरी; शिवाय विभक्ती चार असल्याने संस्कृत शिकलेल्यांना त्यांची धास्ती कमी वाटते, असे ऐकले आहे. जपानीत तर क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते, शब्दयोगी अव्ययांसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, आणि अक्षरमाला अ, क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने जाते, जो क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून तिकडे पोहोचला. हे पाहून माझे सासरे, जे एरवी केवळ संस्कृतच्याच बाजूचे आहेत, जपानीबद्दल एकदम अनुकूल झाले. अडचण लिपीची आहे: हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरलिपी सहज होतात, पण नित्य वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजी (चिनी लिपीतून आलेली चिन्हे) आहेत. आठवी ते दहावीच्या अभ्यासाच्या ओझ्यात त्यांचा रोजचा सराव टिकेल का, हे मला समजत नाही.

परीक्षांची चौकशी मी केली आहे. जर्मनमध्ये ए-१ आणि ए-२ साठी गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषा-संस्थेच्या, मुलांसाठी वेगळ्या परीक्षा आहेत. जपानीची जेएलपीटी ही भाषा-प्रावीण्य परीक्षा पुण्यात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, एन-५ ही तिची पहिली पायरी. पण त्या परीक्षेत बोलण्याची किंवा लिहिण्याची चाचणीच नसते. त्यामुळे केवळ प्रमाणपत्रावर विसंबून राहावे असे वाटत नाही. नोकरीचा विचार मी मुद्दाम मागे ठेवला आहे. चाकणला जर्मन आणि जपानी दोन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत, तेव्हा त्या निकषावर निकाल लागणार नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलीची नोकरी आज ठरवणे मला पटतही नाही.

माझे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत. ज्यांच्या मुलांनी शाळेत जर्मन घेतली होती, त्यांनी दहावीनंतर ती पुढे चालू ठेवली का, आणि बाहेरच्या वर्गात त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली का? शाळेबाहेर जपानी शिकणाऱ्या मुलांना नववी-दहावीत खंड पडला असेल, तर तो भरून काढता आला का? या वयाच्या मुलांना पुण्यात जपानी शिकवताना बोलण्यावर भर देणारे वर्ग कोणते, की प्रौढांच्याच वर्गात बसवावे लागते? आणि ज्यांनी संस्कृत व एक परकीय भाषा एकाच वेळी शिकवली, त्यांनी आठवड्याचा वेळ कसा विभागला, हेही कृपया सविस्तर लिहावे. कोथरूड किंवा कर्वेनगर परिसरातील वर्गांची माहिती असल्यास अधिक सोयीचे होईल, कारण संध्याकाळी तिला दूर नेणे-आणणे आम्हा दोघांनाही शक्य होत नाही.