कोठडीत मारहाण झाली तर तक्रार कुठे आणि कोणत्या क्रमाने करायची?

गोदाकाठ (धागाकर्ता)

सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. डिसेंबरात परभणीचा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना गेला. दोन्ही वेळा चर्चेत तेच दोन सूर लागले. एक, "गुन्हेगाराला कसला आलाय मानवी हक्क", आणि दुसरा, "पोलिसांचं कुणी काही वाकडं करू शकत नाही". मला यापलीकडचं विचारायचंय. मार खाऊन जिवंत बाहेर आलेल्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी करायचं काय? एसपी (जिल्हा पोलीस अधीक्षक), मानवी हक्क आयोग, पोलीस तक्रार प्राधिकरण आणि कोर्ट असे चार दरवाजे कागदावर दिसतात. आधी कुठला ठोठवायचा? आणि बहुतेक तक्रारी कुठे लंगड्या पडतात? कलमं नव्या कायद्याची द्या.

रोजनामा

दरवाजा कुठला हे नंतर बघू. तक्रार टिकणार की नाही हे पहिल्या दोन दिवसांतल्या कागदांवर ठरतं, आणि त्यातला सगळ्यात मोठा कागद म्हणजे पहिल्या रिमांडचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची कोर्टाने केलेली नोंद.

अटकेनंतर २४ तासांच्या आत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५८). तिथे मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपीच्या शेजारी तेच अंमलदार उभे असतात. तो मान हलवतो आणि रोजनाम्यात ओळ पडते, "आरोपीची पोलिसांविरुद्ध मारहाणीची तक्रार नाही." सहा महिन्यांनी खाजगी फिर्याद केली की समोरचा वकील सर्वात आधी हीच ओळ वाचून दाखवतो.

म्हणून वकिलाने रिमांडच्या आधी आरोपीशी एकांतात बोलावं, दोन मिनिटं मिळाली तरी. मारहाण झाली असेल तर नुसतं तोंडी सांगू नये, एका पानाचा लेखी अर्ज द्यावा. कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता, कुठल्या खोलीत, कशाने, शरीरावर कुठे मारलं ते त्यात यावं. नाव माहीत नसेल तर बक्कल नंबर, तोही नसेल तर वर्णन. कलम ५३ खाली वैद्यकीय तपासणी आणि तिच्या अहवालाची प्रत मागावी. अर्जावर आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत त्याच दिवशी काढायला टाका.

एक वाक्य लोक हमखास विसरतात: मारताना काय विचारत होते? "माल कुठे आहे सांग", "कबूल कर" हे अर्जात असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२० लागतं, म्हणजे कबुलीसाठी दुखापत. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ते वाक्य नसेल तर उरते साधी मारहाण. मग ठाण्यात "एनसी घेतो" (नुसती अदखलपात्र नोंद) म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. कलम १२० दखलपात्र आहे, त्यावर एनसी होत नाही.

तक्रार केली तर आणखी मार पडेल ही भीती खरी आहे, आणि नव्या कायद्याने ती वाढवली आहे. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळायची. आता सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार तेच १५ दिवस पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. म्हणजे आज तक्रार करून न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस तीन आठवड्यांनी परत त्याच ठाण्यात येऊ शकतो. अशा वेळी वकिलाने रिमांडला विरोध करताना आधीची तक्रार आणि वैद्यकीय अहवाल दोन्ही पुढे ठेवावेत.

जखमपत्र

वैद्यकीय बाजू मांडतो, कारण इथे फार चुका होतात.

लाठीचा फटका बसला की कातडीवर दोन समांतर लाल रेषा उठतात, मध्ये फिकट पट्टा राहतो. रुळांसारखी ही खूण पडल्याने होत नाही. "बाथरूममध्ये घसरून पडला" या खुलाशाला तीच उत्तर देते. पण डॉक्टरने नुसतं "पाठीवर मुका मार" लिहिलं तर ती माहिती गेलीच. प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, जागा, आकार आणि रंग लिहायला सांगा. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा.

रंगावरून वय अंदाजे कळतं. सुरुवातीला लाल, काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत निळा, चौथ्या दिवशी काळपट-तपकिरी, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, सातव्या ते बाराव्या दिवसांत पिवळा. दोन आठवड्यांत बहुतेक खुणा मिटतात. सावळ्या कातडीवर हे कमी दिसतं, म्हणून उजेडात बघावं लागतं. खोलवरचा मार एक-दोन दिवसांनी वर येतो, त्यामुळे पहिल्या तपासणीत "बाह्य जखमा नाहीत" आलं तरी दुसरी तपासणी मागायचीच. डी. के. बसू खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी सांगितली आहे, ती याच कामाची.

तळपायावर मारलं असेल तर वरून फारसं काही दिसत नाही, कातडी जाड असते. सूज, दाबल्यावर दुखणं, टाच टेकवता न येणं हे लिहून घ्या. एक्स-रे आवर्जून मागा. हाड मोडलेलं निघालं तर दुखापत गंभीर ठरते. हाड मोडलं नसलं तरी १५ दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचं काम करता न येणं हेसुद्धा न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापत आहे (जुन्या कायद्यात २० दिवस होते). म्हणून पंधरा दिवसांचे ओपीडीचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, कामावरच्या रजेचा अर्ज जपून ठेवा.

आणि पुराव्याआधी जीव. मांड्या, पाठ, ढुंगण यांवर भरपूर मार बसला असेल आणि लघवी काळ्या चहासारखी होत असेल तर तातडीने मोठ्या रुग्णालयात न्या. चेचलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन ती बंद पडू शकतात. सीपीके आणि क्रिएटिनीन या रक्ततपासण्या करा. केस एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित) म्हणूनच नोंदवायला सांगा.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. पण अटकच दाखवली नसेल तर? "चौकशीला ये" म्हणून बोलावलं, दोन दिवस बसवून ठेवलं, मारलं आणि सोडून दिलं. किंवा तिसऱ्या दिवशी अटक दाखवली.

तिसरा कॅमेरा

बहुतेक मारहाण याच पोकळीत होते. २४ तास कागदावरच्या अटकेच्या वेळेपासून मोजले जातात, त्यामुळे आधीचे दोन दिवस हिशोबातच येत नाहीत. ते सिद्ध करायला सर्वात उपयोगी कॅमेरा लॉकअपचा नसून फाटकावरचा असतो. माणूस सोमवारी सकाळी आत जाताना दिसतो आणि अटक बुधवारी संध्याकाळची, एवढं दिसलं तरी पुरे.

परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात फाटक, येण्या-जाण्याच्या सर्व वाटा, लॉकअप, व्हरांडे, निरीक्षकांची आणि अधिकाऱ्यांची खोली, मागची बाजू इथे कॅमेरे सांगितले. रात्री दिसणारे, आवाजासह. साठवण १८ महिने, आणि यंत्रणा तोकडी असली तरी वर्षाच्या खाली नाही. जबाबदारी ठाणे प्रभारीची. प्रत्यक्षात कॅमेरे बंद किंवा फुटेज गेलेलं, हे इतकं वाढलं की सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

डीव्हीआरची (फुटेज साठवणाऱ्या यंत्राची) डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, कुणी मुद्दाम पुसायची गरज नसते. म्हणून १८ महिन्यांच्या भरवशावर राहू नका. फुटेज जपण्याचं पत्र त्याच आठवड्यात गेलं पाहिजे. पत्र पोचल्यावर फुटेज गेलं तर प्रश्न त्यांना विचारता येतो, पत्रच नसेल तर नाही.

घरच्यांनी आत असतानाच ११२ वर फोन करावा, एसपी कार्यालयाला ईमेल करावा. त्या नोंदींवर वेळ पडते आणि ती नंतर बदलत नाही. अटक झाल्याचं सांगत असतील तर सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार अटकेतल्यांची नावं ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात लावलेली असली पाहिजेत, ती बघा. पत्ताच लागत नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका.

दप्तर

आता दरवाजे. वरच्या प्रतिसादांशी सहमत, भर घालतो.

ठाण्यात गुन्हा घेतला नाही तर सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली एसपी किंवा आयुक्तालयात लेखी तक्रार, आणि तिथेही काही हललं नाही तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे १७५(३) चा अर्ज. मधली पायरी गाळली तर अर्ज तेवढ्यावरच फेटाळतात. १७५(४) मुळे सरकारी नोकराविरुद्ध तपासाच्या आदेशाआधी वरिष्ठाचा अहवाल आणि त्या नोकराचं म्हणणं येतं, ही नवी अडचण आहे. त्यावर युक्तिवाद असा की कबुलीसाठी मारणं हे कर्तव्यच नव्हे, मग हे संरक्षण कसलं? कलम २१८ च्या मंजुरीबाबतही (सरकारी नोकरावर खटला चालवण्याआधी लागणारी सरकारची परवानगी) हाच वाद, आणि निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. कर्तव्याशी वाजवी संबंध असलेल्या अतिरेकालाही मंजुरी लागते असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये देवराजा खटल्यात म्हटलंय. नव्या संहितेत एक चांगली गोष्ट आली आहे: १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. मंजुरीचा अर्ज कधी पोचला याची पोच त्यासाठी जपा.

मानवी हक्क आयोगाला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. पण फुटेज तातडीने मागवून सुरक्षित ठेवण्याचं काम सैनी निकालाने आयोगाकडेही दिलंय, म्हणून पहिल्याच महिन्यात जा. पोलीस तक्रार प्राधिकरण २००६ च्या प्रकाश सिंह निकालातून आलं. न्यायालयाने जिल्हा पातळीवरही सांगितलं होतं, महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीत राज्य आणि विभाग पातळीवर केलं. गडचिरोलीच्या माणसाला विभाग म्हणजे नागपूर, हे अंतर माझ्या मते उद्देशालाच मारक आहे.

निलंबन म्हणजे शिक्षा, हा गैरसमज सोडा. निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो आणि पुढे माणूस परत रुजू होऊ शकतो. विभागीय चौकशीत साक्ष द्यायला बोलावतील तेव्हा न चुकता जा. तक्रारदार आला नाही या एका शेऱ्यावर चौकशा बंद होतात.

परभणीत शवविच्छेदनात अनेक जखमा होत्या, मॅजिस्ट्रेटचा चौकशी अहवाल पोलिसांकडे बोट दाखवत होता, तरी गुन्हा नोंदवायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश लागला, आणि तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत ताणला गेला. मार खाऊन जिवंत असलेल्याच्या पाठीशी तर असा अहवालही नसतो. विधी आयोगाने १९८५ मध्ये ११३ व्या अहवालात सुचवलं होतं की कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. ते कायद्यात आलं असतं तर या धाग्यातली निम्मी धावपळ लागली नसती.

गोदाकाठ

फुटेजच्या पत्राचा नमुना कुणी देईल का?

तिसरा कॅमेरा

हे घ्या. ठाणे प्रभारी, एसपी किंवा (शहरात) डीसीपी आणि ठाण्यांच्या सीसीटीव्हीवर लक्ष ठेवणारी जिल्हा देखरेख समिती, तिघांना एकाच दिवशी नोंदणीकृत स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, शिवाय ईमेलने.

"विषय: सीसीटीव्ही फुटेज व अभिलेख जतन करणेबाबत. मला/माझ्या नातेवाइकास दि. ___ रोजी ___ वाजता आपल्या ठाण्यात आणण्यात आले व दि. ___ रोजी ___ वाजेपर्यंत ठेवण्यात आले. या काळात मारहाण झाली आहे. सबब, वरील वेळेच्या चार तास आधीपासून चार तास नंतरपर्यंतचे सर्व कॅमेऱ्यांचे आवाजासह फुटेज, तसेच स्टेशन डायरी, लॉकअप रजिस्टर, ड्युटी वाटप रजिस्टर व शासकीय वाहनाचे लॉगबुक जतन करावे. फुटेजची प्रत भारतीय साक्ष अधिनियम कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रासह व हॅश मूल्यासह सीलबंद करावी. एखादा कॅमेरा बंद असल्यास तो कोणत्या तारखेपासून बंद आहे व दुरुस्तीसाठी कधी कळवले, ते लेखी द्यावे."

हॅश मूल्य म्हणजे फाइलमध्ये बदल झाला तर ओळखू येणारा डिजिटल ठसा. पत्रातलं शेवटचं वाक्य गाळू नका. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तर दुरुस्तीच्या पत्राची तारीख बघायची. ती घटनेनंतरची असेल तर उत्तराची प्रत १७५(३) च्या अर्जाला जोडा.