अनुभव धागा: आजीला 'स्त्रीमुक्ती' म्हटलं की काय वाटायचं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जमलो होतो. झोक्यावर बसल्या बसल्या मामेबहीण म्हणाली, "आपल्या आज्या स्त्रीमुक्तीच्या विरोधातच होत्या." मला अर्धंच पटलं. 1975 च्या महिला वर्षाचं काही रेडिओवर लागलं की आमची आजी म्हणायची, "रिकाम्या बायांचे उद्योग." पण तुरीच्या डब्यात खाली पैसे असायचे, आणि त्यांचा हिशेब आजोबांना मरेपर्यंत मिळाला नाही. तुमच्याकडचं लिहा. थोर आज्या नकोत, खऱ्या हव्यात.

एरंडोलहून
नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. आई गावातल्या बायांबरोबर ट्रकमधून गेली, घरी 'कापसाच्या भावाचं आहे' एवढंच सांगून. परतल्यावर आजीने चूल विझलेली दाखवली, बोलली काहीच नाही. आईला स्त्रीमुक्तीचं विचारलं तर म्हणे, ते शहरातलं. निंदायला बाई आणि गडी एकाच वाफ्यात, मजुरी मात्र वेगळी, त्याचं बोला.

पुढे लक्ष्मीमुक्तीत, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करायच्या संघटनेच्या मोहिमेत, वडिलांनी दोन एकर तिच्या नावावर केली. तिला वाचता येत नव्हतं. सातबारा माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, नावाच्या ओळीवर बोट ठेवून बसली, मग म्हशीचं दूध काढायला गेली. आणि हीच बाई माझं लग्न ठरवून मोकळी झाली, मला न विचारता!

शिरपूरची सून
सासूबाई मांडे करायच्या. पीठ मनगटावरून कोपरापर्यंत झुलवत नेऊन उपड्या खापरावर टाकायचं, ते बघायला गल्ली जमायची. वीस पानं उठली की त्या बसायच्या, तोवर रशी (मांड्यांबरोबरची आमटी) तळाला गेलेली. मी एकदा म्हटलं, आधी जेवा ना. तर, "मांडा माना हातना शे, मी कसाले घाई करू?" हे दबलेपण होतं की मान होता, मला अजून कळत नाही. मला मात्र खापराला हात लावू दिला नाही कधी. स्वयंपाकघर हे तिचं राज्य, आणि राज्य कोणी वाटून देतं का?

चोपड्याहून
आजीला नावं ठेवायच्या आधी आपलं बघू. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित शेतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. मी बी. एड. झालेली, नोकरीतली, आणि भावाला हक्कसोड लिहून दिली. माहेरची आखाजी तुटू नये म्हणून! सहीला पाच मिनिटं लागली, चहा भावानेच पाजला.

एरंडोलवाल्या ताई, उतारा अजून आईच्याच नावावर आहे का?

एरंडोलहून
आहे. भाऊ दर आखाजीला विषय काढतो. तेवढ्यापुरतं तिला ऐकू येत नाही.