मदत हवी आहे: पाडवा झाला तरी घोड्यांच्या पॅडॉकमध्ये गवत वर येईना

नमस्कार मंडळी. शेतीच्या धाग्यांवर आजवर मी नुसती वाचत आलेय, आज गरजेपोटी लिहितेय.

मी राहते बोरिवलीत. खाडीपलीकडे गोराईला मामांची वाडी आहे. घरामागे दीड एकर, म्हणजे ६० गुंठे, मोकळी जागा (हेच आमचं पॅडॉक) आणि तिच्यात चार जनावरं: दोन घोड्या, एक घोडा आणि एक म्हातारं तट्टू. शर्यतीचं कोणी नाही. मामांनी हौसेनं पाळली, त्यांचे गुडघे गेल्यापासून माझ्या गळ्यात पडली. रोजचा खरारा, चंदी-पाणी मोतद्दार बघतो. गवताचा प्रश्न मात्र तो हसण्यावारी नेतो. "ताई, पाऊस पडला की येईल," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

यंदा मी ठरवलं की उन्हाळाभर विकतची वैरण घालायची नाही. जानेवारीत बोअरवर चार स्प्रिंकलर बसवले. इंग्रजी वेबसाइटींवर वाचलं होतं की वसंतात माती तापली की गवत उसळून येतं, आधी दाताळं फिरवून जुनं वाळलेलं काढा, मग नत्र द्या. सगळं केलं. फेब्रुवारीच्या शेवटी वीसेक किलो युरिया फेकला. होळी झाली, पाडवा झाला. दारातल्या पिंपळाची कोवळी तांबूस पानं बघवत नाहीत इतकी सुंदर दिसतायत आणि त्याच्याच पलीकडे आमची हरळी बोटभर उंचीवर अडून बसलीय. सकाळी हिरवी झाक दिसते, संध्याकाळपर्यंत घोडे ती तासून टाकतात.

परवा गुडघ्यांवर बसून नीट पाहिलं. पात्यांची टोकं करपलेली, बुडाशी पांढुरका पापुद्रा. चिमूटभर जिभेला लावला तर खारट. (मामी म्हणाली, आता मातीपण खा.) मग लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर खुपसून बघितला. कुंपणाबाहेर मूठ टेकेपर्यंत आत गेला. आत, फाटकापाशी, जोर लावूनही दोन पेरांच्या पुढे जाईना. लीद पडते त्या कोपऱ्यात मात्र वीतभर गवत आहे आणि तिथे एकही घोडा तोंड लावत नाही.

दोष खाऱ्या पाण्याचा, घट्ट झालेल्या जमिनीचा, की मुळात गवतच चुकीचं आहे? नेपियर गवताची ठोंबं लावू का? गावात सगळे तेच सुचवतायत.

*

बांधावरचा मुरबाडकर

ताई, खारेपणाआधी पाण्याचा हिशोब करा. मार्चमध्ये हिरवं गवत जोमात ठेवायचं तर ढोबळमानाने रोज ५ मिलिमीटर पाणी लागतं. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. गुंठा साधारण १०० चौरस मीटरचा. ६० गुंठ्यांना रोजचे ३०,००० लिटर झाले, म्हणजे दहा हजारी टँकर रोज तीन. तुमची बोअर किती देते?

वेबसाइटी बहुतेक इंग्लंड-आयर्लंडच्या असणार. तिकडचं रायग्रास मातीचं तापमान पाच-सहा अंशांच्या वर गेलं की हलायला लागतं, आणि हिवाळ्याची ओल जमिनीत मुरलेली असते. तिथे गवत रेंगाळलं तर लोक थंडीला बोल लावतात. आपल्या हरळीला, मारवेलला तीस अंशांचं ऊन आवडतंच, अडतं ते फक्त पाण्यावाचून. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि नंतर मेपर्यंत जवळजवळ काही नाही. गवताचा वसंत आपल्याकडे मृगात येतो. तुमचा मोतद्दार बरोबर बोलतोय.

युरियाचंही तेच. कोरड्या तापल्या जमिनीवर फेकून वर भरपूर पाणी दिलं नाही, तर बराचसा नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो.

*

धागालेखिका

मोजून आले. हजार लिटरची टाकी दोन तासांत भरते. चार टाक्या झाल्या की बोअर हवा ओढायला लागते. दिवसाचे ४,००० लिटर, धरून चालू. तीन महिने मी ६० गुंठ्यांवर गुलाबपाणी शिंपडत होते तर!

*

खूर आणि खरारा

घोड्यांवर उपचार करतो, म्हणून गवतापेक्षा घोड्यांची काळजी वाटून लिहितोय.

थोडं-थोडं मचूळ पाणी रोज शिंपडलं की पाणी उडून जातं आणि मीठ वरच्या थरात साचतं, तोच तुमचा पापुद्रा. हरळी बराच खारेपणा सोसते, मुसळधार पावसात ते मीठ खालीही जातं. पण खुरांनी चोपलेली जमीन आणि तासलेलं गवत या दोन गोष्टी पाऊस सुधारत नाही. गाईला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेनं गुंडाळून गवत ओढते. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे पटाशीचे दात, तो पार बुडापासून कातरतो. पातंच उरलं नाही तर मुळं जगणार कशावर? वीतभर झाल्याशिवाय आत सोडू नका, चार बोटं उरलं की बाहेर काढा. लीद रोज उचला. घोडा लीद पडलेल्या जागचं खात नाही, उरलेली जागा तेवढी जास्त खरवडतो.

नेपियर नको. त्यात ऑक्झॅलेट जास्त असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते बऱ्यापैकी पचवतात, घोड्याला ते जमत नाही. अंजन गवताचंही तेच. वर चंदीत गव्हाचा कोंडा असेल तर आणखी वाईट, कारण कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. असं महिनोन् महिने चाललं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढतं, जबडा सुजल्यासारखा दिसतो, घोडा लंगडायला लागतो. रोजच्या खाण्यात थोडा लसूणघास घाला, त्यात कॅल्शियम असतं.

आणि गोराईची जमीन रेताड. बोटभर गवत ओरबाडताना रेती पोटात जाते, त्यातून पोटशूळ होतो. ताज्या लिदीच्या ढिगातले जमिनीला न टेकलेले पाच-सहा गोळे प्लास्टिकच्या हातमोज्यात घाला, पाणी भरून कालवा, बोटं खाली करून अर्धा तास टांगून ठेवा आणि बोटांत काय जमतं ते बघा. काही जमलं नाही तरी पोटात रेती नाहीच असं नसतं, पण जमली तर लगेच डॉक्टरांना बोलवा. सुकं गवतही जमिनीवर टाकू नका, गव्हाणीत द्या.

*

धागालेखिका

काल चौघांची लीद टांगली. दोघी घोड्यांचे आणि घोड्याचे मोजे जवळजवळ स्वच्छ. तट्टूच्या मोज्यात मधलं बोट एक पेरभर रेतीनं भरलं. हातात धरून दाबलं तर कचकच लागत होतं. डॉक्टर आज येऊन गेले, त्यांनी इसबगोल सुरू केलंय. पोट दुखत नाहीये, खातोय-पितोय नीट. मामांना सांगितलं तर म्हणाले, तो लहानपणापासूनच हावरा.

कोंडा बंद केला. (हो, रोज दोन किलो चालू होता, तोही वर्षानुवर्षं.) फाटकाजवळचे ८ गुंठे कोरडे ठेवून चौघांना तिथेच ठेवलंय, सुकं गवत लाकडी गव्हाणीत. विहिरीच्या बाजूचे दुसरे ८ गुंठे कुंपण घालून बंद केले, बोअरचं सगळं पाणी आता तिकडेच, रोज शिंपडण्याऐवजी तीन दिवसांनी एकदा भरपूर. एवढ्याने चौघांचं पोट भरणार नाही हे कळतंय. तीन-साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा-सात किलो सुका चारा लागतो, म्हणजे चौघांना हिरवं घालायचं तर (त्यात बरंचसं पाणीच असतं) शंभरेक किलो. पण म्हाताऱ्याला संध्याकाळी अर्धा तास हिरवं चघळायला मिळालं तरी पुरे.

बाकीची जमीन मोतद्दार मेअखेर कुदळीनं खणून भुसभुशीत करणार आहे आणि पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर आम्ही मारवेल लावणार. त्याची ठोंबं वसई-पालघरच्या बाजूला कोणाकडे मिळतील का? आणि ४४ गुंठ्यांना साधारण किती लागतील? गोराईला नेताना बोटीतून न्यायची आहेत, त्यामुळे आकडा जरा सांभाळून सांगा.