टर्कीसाठी ब्रॉडहेड: फिक्स्ड की मेकॅनिकल? शनिवारच्या आत ठरवायचंय

सह्यकडा
नमस्कार मंडळी. शनिवारी पहाटे टर्कीच्या शिकारीसाठी ब्लाइंडमध्ये (लपायच्या तंबूत) बसायचंय आणि ब्रॉडहेड (बाणाचं पात्यांचं टोक) आजच आणायचेत. दोन इंच कटचे मेकॅनिकल (लागल्यावर पाती उघडणारे) घेऊ की फिक्स्ड (पाती कायम उघडी असणारे)? दुकानदार मेकॅनिकल म्हणतो, मित्र फिक्स्ड म्हणतो. दोन्ही वजनाने १०० ग्रेनचे आहेत. आम्ही तिघं असू. ब्लाइंड आहे, डिकॉय (नकली टर्की) आहेत, बाकी तयारी झाली आहे. कृपया एकच उत्तर द्या, "अवलंबून आहे" नको.

बाणाईत
माहिती दिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. राज्य कोणतं? कंपाउंड, रिकर्व्ह की क्रॉसबो? ड्रॉ वेट (तार ताणायला लागणारा जोर) आणि ड्रॉ लेंग्थ (तार किती ताणली जाते) किती? टोकासकट बाणाचं वजन किती? आणि तिघांपैकी बाण सोडणार कोण?

पिट्सबर्गकर
दोन्ही नकोत. मानेवर मारायचं, लांब पात्यांचं गिलोटिन हेड घ्या. एक तर पक्षी जागेवर पडतो, नाहीतर बाण साफ चुकतो. जखमी होऊन झाडीत जाण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. शिवाय छातीचं मांस अख्खं हाती लागतं.

अनिवासी_अण्णा
धनुष्यच का, बंदूक का नाही, असं अनेक जण विचारतात म्हणून लिहितो. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यात अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. धनुष्य त्या कायद्यात फायरआर्म धरलं जात नाही, त्यामुळे तिथे व्हिसाचा प्रश्न येत नाही. राज्याचा परवाना मात्र सगळ्यांना लागतो.

सह्यकडा
अण्णा, धन्यवाद, पण तो प्रश्न नव्हता.
विस्कॉन्सिन, झोन २, पिरियड सी (शिकारीचा विभाग आणि ठरलेला कालावधी). कंपाउंड. बाण मुलगी सोडणार, वय १२. ड्रॉ वेट ३५ पौंड, ड्रॉ लेंग्थ २५ इंच, बाण ३५० ग्रेन. मित्र कॉल करेल (टर्कीचा आवाज काढून पक्षी बोलावेल), मी नुसता सोबत. आता सांगा, कोणतं हेड?

बाणाईत
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. फिक्स्ड. दोन पात्यांचं, कट-ऑन-कॉन्टॅक्ट, म्हणजे टोकापासूनच धार असलेलं. मेकॅनिकल अजिबात नको.

कारण गणितात आहे. या सेटअपचा बाण साधारण १८० फूट प्रतिसेकंद वेगाने जाईल. ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. उत्तर येतं २५ फूट-पौंड. मेकॅनिकलची पाती उघडायला यातलीच ऊर्जा खर्च होते आणि दोन इंच रुंद जखम करायला आणखी. उरलेल्या जोरात पंखाचं हाड फोडून आत जाणं कठीण. ६० पौंडाच्या धनुष्याला हे परवडतं, दुकानदार त्याच हिशेबाने बोलतोय.

आता हेडपेक्षा मोठी गोष्ट. तिच्या साइटवरची (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाची) पहिली पिन २० यार्डाची आहे का? असेल तर या वेगाला १० यार्डावर बाण पिनच्या सुमारे तीन इंच वर लागेल. टर्कीचा मर्मभाग संत्र्याएवढा असतो, तीन इंचात तो निसटतो. पिन १० यार्डाला लावा. मग ५ यार्डावर बाण अर्धा-पाऊण इंच खाली आणि १५ वर दोनेक इंच खाली जाईल, तेवढं चालतं. १५ च्या पुढे तिने बाण सोडू नये.

शुक्रवारपर्यंत त्याच ब्रॉडहेडने फोमच्या लक्ष्यावर सराव करा, फील्ड पॉइंटने (सरावाच्या बिनपात्यांच्या टोकाने) नको, कारण दोन्ही एकाच जागी लागतील याची खात्री नसते. सरावात वापरलेलं पातं शिकारीला न्यायचं नाही. नवं लावा किंवा धार काढा. अंगावरचे केस सहज निघावेत इतकी धार हवी.

पिट्सबर्गकर
गिलोटिनला आत घुसायचंच नसतं, त्यामुळे कमी पौंडाला उलट तेच बरं.

बाणाईत
असहमत. त्या हेडचा पसारा पावणेतीन इंच आणि त्याहून जास्त असतो. २५ इंच ड्रॉसाठी कापलेल्या बाणावर ती पाती पूर्ण ताणल्यावर रायझरला (धनुष्याच्या मधल्या भागाला) किंवा बो धरलेल्या हाताला लागू शकतात. ते टाळायला बाण दोन-तीन इंच लांब घ्यायचा, वर १२५ ग्रेनचं हेड, म्हणजे पुढून जड आणि संथ. रुंद पात्यांना हवा लागते म्हणून पिसंही मोठी लागतात. आणि टर्कीची मान सतत हलत असते. बारा वर्षांच्या मुलीला ते लक्ष्य देऊ नका.

पिट्सबर्गकर
बाणाच्या लांबीचा मुद्दा मान्य. पण अंगावर मारायचं तर जागा नेमकी सांगा. फुललेल्या गॉबलरचा (नर टर्कीचा) अर्धा आकार नुसता पिसांचा असतो आणि नवखा माणूस त्या गोळ्याच्या मधोमध नेम धरतो.

बाणाईत
खरं आहे, म्हणून जरा सविस्तर.

टर्कीची फुप्फुसं पाठीकडच्या फासळ्यांना चिकटलेली असतात. हरणाच्या सवयीने पुढे आणि खाली मारलं की बाण छातीच्या मांसात किंवा अन्नाच्या पिशवीत जातो आणि पक्षी उडून जातो.

बाजूने उभा असेल तर पायाची रेघ धरून वर या आणि पंख अंगाला जिथे जोडला आहे त्या उंचीवर थांबा. किंचित मागे गेलं तरी मांडीचं आणि कमरेचं हाड मोडतं, मग त्याला धावता येत नाही की उडी घेऊन उडता येत नाही. पुढे गेलेला बाण वाया जातो.

पाठ करून फुललेला असेल तर शेपटीच्या पंख्याच्या बुडाशी गुदद्वाराची जागा दिसते, नेम तिथेच. तिच्यासाठी हीच संधी सर्वात चांगली, कारण पंख्याआड त्याचे डोळे झाकलेले असतात आणि धनुष्य ताणताना तो बघत नाही.

तोंड करून असेल तर छातीवरची दाढी जिथे उगवते त्याच्या जरा वर. पण ३५ पौंडाला या बाजूने मी नको म्हणेन. वळेपर्यंत थांबा.

पिट्सबर्गकर
आणि बाण लागल्याबरोबर धावत जाऊन पक्षी पायाखाली धरा. उशीर केला की गेला.

बाणाईत
बंदुकीचा नियम धनुष्याला लावू नका. जागेवर पडून फडफडत असेल तर जरूर जा, पण आधी दुसरा बाण तारेला लावून तयार राहा आणि बघा, पक्षी उठतो का. चालत गेला तर ब्लाइंडमधून हलू नका. शेवटचा दिसला ती जागा, एखादं झाड धरून, लक्षात ठेवा आणि तासभर थांबा. मागे लागलात तर तो उडेल आणि मग माग उरत नाही, कारण रक्त पिसांत मुरतं, जमिनीवर फारसं पडत नाही. न छेडलेला जखमी टर्की बहुधा जवळच्या पडक्या ओंडक्याखाली किंवा फांद्यांच्या ढिगात शिरून बसतो. तिथे आधी शोधा.

केटलमोरेन
हेडची चर्चा चालू द्या, मला मूळ पोस्टमधलं "बाकी तयारी झाली आहे" खटकतंय. तीन प्रश्न: मुलीचं हंटर एज्युकेशन झालंय का? तुमच्याकडे चालू वर्षाचा शिकार परवाना आहे का? जमीन खासगी की सरकारी?

मोरपंखी
मिळालाच तर नुसती छाती काढून बाकीचं टाकू नका, फार जण तसं करतात. तंगड्यांत काड्यांसारख्या कडक शिरा असतात, त्या कच्च्या असताना निघत नाहीत. तंगड्या आणि मांड्या मीठ-हळद लावून कुकरला पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ४०-४५ मिनिटं ठेवा, मग मांस आपोआप सुटतं आणि शिरा ओढून काढता येतात. त्याच पाण्यात सुक्या खोबऱ्याचं, कांद्याचं वाटण घालून तांबडा रस्सा उत्तम होतो. छाती मात्र रश्श्यात टाकू नका, चामड्यासारखी होते. मांसाच्या धाग्यांना आडवे पातळ काप करून तव्यावर, आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस झालं की उतरवा.

सह्यकडा
मोरपंखी ताई, रस्सा नक्की, पण आधी पक्षी.
केटलमोरेन, तिचा ऑनलाइन कोर्स झालाय, फील्ड डे (प्रत्यक्ष हजर राहायचा भाग) राहिलाय. टर्कीचा परवाना आणि हार्वेस्ट ऑथोरायझेशन (पक्षी मारायची परवानगी) तिच्या नावावर आहे. माझा परवाना नाही, मी शिकार करणार नाही म्हणून काढला नाही. मित्राचा आहे, त्याने कोर्सही केलाय. जमीन सरकारी, स्टेट फॉरेस्टची. यात अडचण कुठे आहे?

केटलमोरेन
अडचण आहे. फील्ड डे राहिला म्हणजे प्रमाणपत्र नाही, म्हणजे तिला मेंटॉर्ड हंटिंगच्या (मेंटॉर म्हणजे जाणत्या सोबत्याच्या देखरेखीखालच्या शिकारीच्या) नियमानेच शिकार करता येईल. मेंटॉर १८ वर्षांवरचा हवा, त्याच्याकडे चालू वर्षाचा विस्कॉन्सिनचा शिकार परवाना हवा (कोणत्याही प्रकारचा चालतो), आणि त्याचा जन्म १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतरचा असेल तर हंटर एज्युकेशन झालेलं हवं. मेंटॉरने तिच्यापासून हाताच्या अंतरावरच राहायचं. वडील असलात तरी तुम्ही यात बसत नाही. तुमचा मित्र बसतो. तेव्हा तो कॉल करायला मागे झाडाखाली बसणार असेल तर बेत बदला, त्याला ब्लाइंडमध्ये तिच्याशेजारी बसवा.

सरकारी जमिनीवर ब्लाइंड आदल्या रात्री लावून ठेवता येत नाही. पहाटे लावायचा, शिकारीची वेळ संपली की काढायचा, आणि त्यावर नाव-पत्ता किंवा डीएनआरचा (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा) ग्राहक क्रमांक हवा. वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत. टर्की उजाडताच झाडावरून उतरतात, म्हणून त्याच्या तासभर आधी अंधारात ब्लाइंड उभा हवा, आणि रात्रीच्या बसण्याच्या झाडापासून शंभरेक यार्ड लांब. बॅटरीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक कॉल बेकायदा आहेत. नर किंवा दाढी दिसणारा कोणताही पक्षी चालतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत गेमरेजवर (डीएनआरच्या शिकार नोंदणी प्रणालीवर) नोंद करायची.

लाल, पांढरं, निळं काही घालू नका, आतला टी-शर्ट आणि मोजेसुद्धा नकोत. गॉबलरच्या डोक्याचे तेच रंग आहेत आणि त्याच जंगलात इतर लोक बंदूक घेऊन बसलेले असतात. डिकॉय नेता-आणताना पिशवीत पूर्ण झाकलेले हवेत. टर्कीच्या शेपटीचा पंखा हातात धरून त्याआड रांगत जाण्याचा प्रकार सरकारी जमिनीवर कोणीही करू नये, माणसाला गोळी लागते.

पळसफूल
मे महिना म्हणजे गोचीड. विस्कॉन्सिनात गोचिडीने होणारा लाइम रोग आहे. कपड्यांवर आणि बुटांवर ०.५ टक्के पर्मेथ्रिन आदल्या दिवशी फवारून वाळवा, अंगावर लावू नका. घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवा.

अनिवासी_अण्णा
या राज्यातले जंगली टर्की १८८१ च्या सुमारास संपले होते. १९७६ मध्ये मिसूरीतून आणून व्हर्नन काउंटीत सोडले, त्या बदल्यात विस्कॉन्सिनने रफ्ड ग्राउस पक्षी दिले. १९८३ पासून वसंतातली शिकार सुरू झाली. परवान्याचे पैसे जातात कुठे असं विचारणाऱ्यांसाठी सांगितलं.

सह्यकडा
ठीक, मित्र मेंटॉर. दोन पात्यांचं फिक्स्ड आणतोय. ब्लाइंडची खिडकी जाळी लावूनच ठेवायची ना? आणि तिघं आत मावतील का? आणि हो, मुलगी डावखुरी आहे.

केटलमोरेन
शूट-थ्रू (बाण आरपार जाऊ देणारी) जाळी असेल तर फिक्स्ड हेड त्यातून चालतं, पण तिच्या जोराला मी बाणाच्या वाटेतली जाळी काढेन. (मेकॅनिकल तर जाळीतच उघडतं, हेही ते न घेण्याचं कारण.) मागच्या सगळ्या खिडक्या बंद, नाहीतर उजेडात सावल्या दिसतात. ब्लाइंडचं आतलं कापड काळं, म्हणून तिघांचेही कपडे आणि हातमोजे काळे. तळाचा पालापाचोळा साफ करून माती उघडी करा, बूट हलला तरी आवाज येतो.

जमिनीवर ७५ बाय ७५ इंचाचा ब्लाइंड दोघांचा, तिघांना ९० बाय ९० हवा. तुमचा किती आहे? लहान असेल तर बाहेर राहणारे तुम्हीच, मेंटॉर नाही.

डावखुरी असल्याने उजवा खांदा खिडकीकडे आणि छाती डावीकडे येईल. खुर्ची तशी फिरवा. ताणताना कोपर मागे जाईल, तिथे कोणीही नको. मित्र तिच्या पाठीशी, म्हणजे उजव्या हाताला. तुम्ही डाव्या मागच्या कोपऱ्यात. तिला उजवीकडे वळणं सोपं, म्हणून डिकॉय समोर आणि किंचित उजवीकडे. जेक (तरुण नराचा डिकॉय) १० यार्डावर, तोंड ब्लाइंडकडे. गॉबलर त्याच्या समोरासमोर येतो, म्हणजे तुमच्याकडे पाठ करून उभा राहतो. मादी त्याच्या बाजूला दोन-तीन यार्डावर.

एक गोष्ट आजच घरी तपासा. पीपमधून (तारेतल्या नेमाच्या छिद्रातून) दिसतं ती रेषा बाणापेक्षा चारेक इंच वर असते, त्यामुळे डोळ्याला मोकळी दिसणारी खिडकी बाणाला मोकळी असतेच असं नाही. ब्लाइंड अंगणात लावा, तिला शनिवारच्याच खुर्चीवर बसवून बाण न लावता धनुष्य ताणायला सांगा (तार सोडायची नाही, हळूच परत आणायची) आणि तुम्ही बाजूने बघा: बाणाची जागा खिडकीच्या खालच्या कडेच्या किमान सहा इंच वर आणि धनुष्याचं वरचं टोक छतापासून सुटं. जमत नसेल तर खुर्ची बदला, खिडकी नाही.

सह्यकडा
७५ चा आहे. म्हणजे मी बाहेर. ब्लाइंडच्या मागे किती लांब बसू?

केटलमोरेन
मागे नको, तिथूनही पक्षी येतात. दीडशे यार्डांवर गाडीच्या वाटेकडे, तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ लावून बसा. नेमकी जागा मित्राला आदल्या दिवशी दाखवून ठेवा. मेसेज आल्याशिवाय उठायचं नाही. दुसरा शिकारी तुमच्याकडे येताना दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज काढू नका, बसल्या जागेवरून मोठ्याने बोला.