सागवानी खुर्ची: आधी वीण की आधी पॉलिश?

प्रश्न: वेताची जाळी मधोमध फाटलीय, मागचा पाय डुगडुगतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: पायापासून. सांध्यातला जुना सरस गरम पाण्याने मऊ करून पूर्ण खरवडा. जुन्या सरसावर फेविकॉल धरत नाही. शिकंजा (क्लॅम्प) लावून 24 तास ठेवा. मग लाखेचं पॉलिश. वीण शेवटीच, नाहीतर पॉलिश जाळीत अडकतं.

उत्तर २: बैठकीच्या चौकटीवरच्या, वेत ओवायच्या भोकांत 12-13 मिमी अंतर असेल तर सव्वादोन मिमीचा वेत घ्या. कोमट पाण्यात 20 मिनिटं पुरे. रात्रभर ठेवला की काळपटतो. चकचकीत बाजू वर. उभे-आडवे पदर फार ताणू नका, नाहीतर तिरप्यांना शिरायला जागाच उरत नाही.

प्रश्नकर्ता: भोकं बुजलीत, ड्रिल मारू?

उत्तर २: छे! बोथट खिळ्याने खालून ठोका. भोक रुंदावलं की वेत अडकवणारी खुंटी सुटते.